तिसरा फेर

दुसरा फेर संपला आणि पुढे काहीच आले नाही.

एका हातात नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या कार्यक्रमाची फाईल, दुसऱ्या हातात निथळती छत्री, अशा अवस्थेत गोकुळ प्रकल्प कार्यालयाच्या जिन्यावर मधेच थांबला. दाखल्यासाठी वर निघालेल्या दोन बायका त्याला वाट देण्यासाठी भिंतीशी अंग चोरून उभ्या राहिल्या. साहेब काही विसरले असतील, असा त्यांचा चेहरा. त्याने ओठ मिटून चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. ओहोळ ओलांडण्यापूर्वी माणूस चार पावले मागे सरतो, तसा तो पहिल्या फेरापर्यंत मागे गेला, तिथून वेग घेऊन दुसऱ्यात आला, दुसऱ्याच्या शेवटच्या लांब सुरावर पाय रोवला, आणि पलीकडे काठच नव्हता. बायका अजून भिंतीशीच होत्या. "जा, जा वर," तो म्हणाला आणि उरलेल्या पायऱ्या उतरला.

दहाच मिनिटांपूर्वी वरच्या बैठकीत नव्या साहेबांनी मंडप, पाहुणे, चहा-नाश्ता हे सगळे उरकल्यावर पेन खाली ठेवले होते. साहेब नाशिककडचे, वयाने गोकुळहून पंधराएक वर्षांनी लहान. "गोकुळराव, तुम्ही म्हणे त्या 'रॉकेट तारपा'वाले?" बैठकीत हशा पिकला. साहेबही हसले, पण त्यांचे हसणे निराळे होते. त्यात कुठेतरी गुलालाचा वास होता. "अहो, माझ्या मावशीच्या हळदीत मी त्याच्यावर नाचलोय. सातवीत होतो. दोनदा तसंच तसंच वाजतं आणि मग ते एकदम वर चढतं बघा. तिथं सगळे उड्या मारायचे. नऊ तारखेला ते वाजवा. आणि तो तारपावाला असेल ना अजून? त्याला आणा. मूळ कलाकार म्हणून सत्कार करू." "हो सर," गोकुळ म्हणाला होता. बारा वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द त्याच्या तोंडून इतक्या वेळा निघाले होते की ते म्हणायला आता विचार करावा लागत नसे. शेतात भात उभे असताना भोपळ्याचा तो तारपा वाजवत नाहीत, हे बैठकीतल्या नऊ जणांपैकी निदान सहा जणांना ठाऊक होते. सहाही जणांनी आपापल्या डायरीत लिहून घेतले: तारपा, गोकुळराव.

रॉकेट बेंजो पार्टी, जव्हार. नाव सुदर्शनचे. सुदर्शन शेजारच्या गुरुजींचा मुलगा. वसईला आत्याकडे राहून कॉलेज करताना तो कुणा ख्रिस्ती मित्राकडून इलेक्ट्रिक गिटार शिकून आला आणि येताना एक कॅसेट घेऊन आला. परदेशातल्या कुठल्याशा चार पोरांची ती कॅसेट; कव्हर हरवलेले, त्यामुळे त्या पोरांना नाव नव्हते. तिच्यात गाणारा नव्हताच. नुसत्या गिटारी आणि ड्रम, धावत सुटल्यासारखे. "बघ," सुदर्शन म्हणायचा, "गळा लागत नाही, शब्द लागत नाहीत. नुसतं वाजवायचं." गोकुळकडे बेंजो होता, टाइपरायटरसारख्या बटणांचा, तारांखाली पिकअप बसवलेला. मधूने बापाचा ताशा बाजूला ठेवून ड्रम घेतले. पहिल्या वर्षी लग्नघरचे लोक मंडपात येऊन विचारत, "गाणारा कुठाय?" "गाणारा नाही." "मग आलात कशाला?" हसू व्हायचे, जेवायच्या पंगतीत शेवटी बसवले जायचे. मग एका दसऱ्याला राजवाड्यापुढे उतरलेल्या तारपेवाल्यांत त्यांना देवराम सापडला. वावर गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचा, काटक, हसताना डोळे मिटणारा. भोपळ्यात एकदा फुंक घातली की अर्धा अर्धा तास श्वास तुटू न देणारा. तारपा कुणाच्या सुरात येत नाही. त्याच्या सुरात इतरांना जावे लागते. सुदर्शनने गिटारीच्या खुंट्या पिळल्या, गोकुळने बेंजोच्या तारा उतरवल्या, आणि एका संध्याकाळी गुरुजींच्या पडवीत ती चाल उभी राहिली. पहिला फेर एकट्या तारप्याचा, दुसऱ्यात सगळे मिळून, आणि तिसऱ्यात गिटार-ड्रम थांबायचे, तारपा वर चढायचा आणि एक पाऊल मागे राहून बेंजो त्याच्या मागोमाग जायचा. ते एक पाऊल मागे राहणे हेच गोकुळचे कसब. त्याच्या आयुष्यात त्याला जमलेली ती एकच नाजूक गोष्ट होती, आणि तीच आज जिन्यावर जागेवर नव्हती.

घरी लाल कव्हरची एक कॅसेट उरली होती. पुष्पलता शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. "ती? अहो, तिच्यावर हर्षदाचं भाषण टेप केलं होतं ना आपण, स्पर्धेच्या वेळी. तुम्हीच तर म्हणालात, ही घ्या." म्हटले असणार. त्याने तरी लावून पाहिली. "सन्माननीय व्यासपीठ," आठ वर्षांची हर्षदा किंचाळून म्हणाली, "आणि माझ्या बालमित्रांनो! झाडे आपणांस काय देतात?" नववीतली हर्षदा आतून कान झाकत धावत आली. "बाबा, बंद करा ना ते!" त्याने बंद केले नाही. भाषण संपल्यावर टेप नुसती खरखरत राहिली. त्या खरखरीच्या तळाशी काही शिल्लक असेल म्हणून तो कान लावून बसला. मग माळ्यावरून बेंजो काढला. हाताला आठवत असेल, असे त्याला वाटले. डोके विसरते, हात विसरत नाही, असे सगळे म्हणतात. हात दुसऱ्या फेराच्या शेवटापर्यंत आज्ञाधारकपणे गेला आणि तिथे, फाटकाशी बैल थबकावा तसा, बटणांवर थबकला. "मग दुसराच पुन्हा वाजवा की," पुष्पलता वहीतून मान वर न काढता म्हणाली. "कोणाला कळतंय?" "सगळ्यांना तेवढाच आठवतो," तो म्हणाला. तिने लाल शाईने एक चूक खोडली आणि पुढच्या वहीकडे वळली. सुदर्शन आता बोईसरला एका कारखान्यात फोरमन होता. त्याने त्याला फोन केला. पाठीमागे यंत्रांची घरघर. "तो फेर देवरामचा होता रे," सुदर्शन म्हणाला. "आम्ही दोघं तर थांबायचो. मागे तू एकटाच जायचास. तुलाच आठवत नाही तर मला कुठून?"

मागे तू एकटाच जायचास. ते वाक्य घेऊन दुसऱ्या दिवशी तो रजेचा अर्ज टाकून डेपोपाशी आला. वेळापत्रकाचा नवा फलक लागला होता आणि सवयीने त्याची नजर कल्याणच्या ओळीवर गेली. गेली चौदा वर्षे, फलक बदलला की तो ती ओळ वाचत असे. कल्याणहून अडीचला सुटणारी गाडी जव्हारला सातला येते. एक वर्ष ती पावणेतीनची झाली होती, तेव्हा त्याला दोन दिवस नीट जेवण गेले नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा अडीच. यंदाही अडीच. पलीकडे मधूची जीप वावरसाठी भरत होती.

"आरं तिच्या! साहेब!" मधू ओरडला. त्याचे पोट आता स्टिअरिंगला टेकत होते. "आज गरिबाच्या गाडीत? सरकारी जीप पंक्चर काय?"

"देवरामकडे जायचंय."

मधूने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्यात नेला. "जिवंत हाय तो. मागल्या होळीला दिसलेला. बसा पुढं. ए, सरक रे, साहेबाला जागा दे."

जीप घाट उतरू लागली तेव्हा गोकुळने त्याला कारण सांगितले. मागे चौदा माणसे दाटून बसलेली, काही टपाला धरून लोंबकळणारी. सगळ्यांचे कान पुढेच होते. "तिसरा फेर ना?" मधू म्हणाला. "येतो की मला." आणि त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर थापा मारल्या. "धडड धाड धाड! धडड धाड धाड!" "मधू, तिथे तू थांबायचास." "थांबायचो? मी? मग मंडपात लोक नाचायचे कशावर, तुझ्या टिंवटिंववर?" मागे हशा उसळला. एक म्हातारी म्हणाली, "हात चाकावर ठेव रं बाबा, आमी अजून नाचायच्या वयात हाव." मधू स्वतःच सगळ्यात जास्त हसला, मग डोळे पुसत, जरा खालच्या आवाजात म्हणाला, "खरं सांगू गोकुळ? मला तर वाटायचं, सगळं मीच वाजवतोय."

गोकुळला त्याचा हेवा वाटला. खिडकीबाहेर ओल्या माळावर गवत एका दिशेने पडले होते आणि त्याच्या मनात, कितीही पाठ फिरवली तरी, कल्याणची ती खोली उघडत चालली होती. पिठाच्या गिरणीच्या वरची. गिरणी चालू असली की जमीन थरथरायची, म्हणून गिरणी थांबेल तेवढ्या वेळात ध्वनिमुद्रण उरकायचे. कॅसेट काढणाऱ्या माणसाने चार महिने टोलवून शेवटी तारीख दिली ती ऐन श्रावणातली. देवरामने सरळ नाही म्हटले होते. "भात उभा हाय, दादा. नवा भात खाल्ल्याबिगर तारपा फुंकत नाय." त्याला समजावले गोकुळनेच. तो तेव्हा पदवीधर होता, त्याच्या बोलण्यात आधार होते, दाखले होते. भाताचे दाणे पावसावर भरतात, तारप्यावर नाही, हे त्याने इतके नीट पटवून दिले की देवराम शेवटी केवळ भिडेपोटी उठला. "तुमी म्हनता म्हंजे असंल." ओल्या हवेत भोपळ्याचा सूर खाली बसत होता, पुंग्यांभोवतीचे मेण बंद खोलीच्या उष्म्याने मऊ पडत होते. पहिल्या दिवशी काही धड झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता खालच्या एसटीडीवाल्याने वर हाक मारली, जव्हारचा फोन आहे म्हणून. नंबर गोकुळनेच चिठ्ठीवर लिहून देवरामच्या घरी ठेवला होता, काही लागलं तर असू द्या म्हणून. फोनवर देवरामच्या बायकोचा, हौशीचा भाऊ सावळा होता. दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानातून त्याने कोणाच्या तरी हातापाया पडून तो लावून घेतला होता. सावळाला फोनवर बोलायची सवय नव्हती, तो ओरडत होता. "देवरामाला लावून द्या! पोश्याला घेऊन आलूं हाव! पोश्या डोळा उघडत नाय!" पोश्या म्हणजे देवरामचा धाकटा, दोन वर्षांचा. "बरं," गोकुळ म्हणाला. "सांगतो." आणि तो जिना चढून वर गेला.

सांगितले नाही. त्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर तो सांगणारच होता. मधे कुठेतरी त्याला आठवले की गिरणी साडेतीनला थांबणार आहे आणि पुढची तारीख मिळणार नाही. आणखी वर त्याला हर्षदा आठवली, चार महिन्यांची, परवाच तापाने फणफणलेली आणि दुसऱ्या सकाळी हसत उठलेली. पोरे आजारी पडतात, बरी होतात. शेवटच्या पायरीवर आला तेव्हा सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते. साडेतीनला गिरणी थांबली. त्याने माईकचे कारण काढून आपली खुर्ची फिरवून घेतली आणि देवरामकडे पाठ करून बसला. तिसऱ्या फेरात, वरच्या टोकाला, दोन दिवस कधी तुटला नव्हता तो देवरामचा दम क्षणभर तुटला आणि पुन्हा जुळला. दमला होता, बाकी काही नाही. "राहू दे, राहू दे," कॅसेटवाला काचेमागून म्हणाला, "भारी वाटतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर गोकुळ म्हणाला, "देवराम, आत्ताच फोन आला होता. पोराला बरं नाही म्हणे." आत्ताच. पोश्या आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर तासाभराने गेला होता. कल्याणहून अडीचची गाडी जव्हारला सातला येते.

त्याला कुणी काही विचारले नाही. या भागात निरोप पोहोचायला दिवस लागतोच. उशीर झाला म्हणून निरोपाला कुणी दोष देत नाही, जसा कुणी चिखलाला देत नाही. शिवाय त्या पावसाळ्यात वावर आणि वांगणीत एकटा पोश्याच गेला नव्हता. पाड्यापाड्यांतून पोरे जात होती, हातपाय काड्यांसारखे होऊन, आणि मग वर्तमानपत्रांतून ही दोन नावे देशभर गेली, लाल दिव्यांच्या सरकारी गाड्या आल्या. शहरातून आलेले पत्रकार जव्हारला चहासाठी थांबत, तोवर दिवाळी होऊन गेलेली असे आणि टपरीवर रॉकेटची कॅसेट वाजत असे. चहा पिता पिता त्यांचे बूट त्यावर ताल धरताना गोकुळने पाहिले होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाड्यापासून त्र्यंबकपर्यंत एक हळद त्या चालीवाचून लागली नाही. तुटलेल्या दमाची जागा आली की मांडव उसळायचा. देवराम त्या हंगामात आला, वाजवला, कुणाशी बोलला नाही, आणि पुढल्या वर्षी आला नाही. पाड्यावर बोलत होते, त्याने भातात तारपा फुंकला म्हणून. गोकुळ हिरिरीने सगळ्यांना सांगत सुटला होता की हे अज्ञान आहे, पोरे भुकेने गेली, तारप्याने नाही. ते खरे होते. इतके खरे की त्याच्या आडोशाला आणखी एक गोष्ट सहज झाकून ठेवता येत होती. देवरामच्या जागी कॅसिओ घेतला, दुसरी कॅसेट काढली, ती कुणी ऐकली नाही. मग गोकुळला नोकरी लागली आणि पार्टी आपोआप मिटली.

वावरपासून पाड्यापर्यंतची वाट बांधाबांधाने होती. भाताच्या रोपांची आवणी उरकत आली होती. वाकलेल्या बायकांच्या रांगा आणि त्यांच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची इरली. देवराम ओसरीवर बांबूच्या कांब्या सोलत बसला होता. पन्नाशीतला माणूस, पण हाडांवर नुसते कातडे आणि छातीचा भाता दर श्वासाला वर-खाली. आत अंधारात हौशी रानभाजी निवडत होती.

"गोकुळदादा," देवराम म्हणाला. कालच येऊन गेल्यासारखे. "बसा. घोंगडी ओली हाय, तिकडं नका बसू."

"ओळखलंस?"

"चालीवरनं. डोळ्याला आता निस्ता धूर दिसतो. हौशे, पानी दे. दादा आलं."

हौशीने तांब्या आणून ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, पण तिचा पाय दारातच रेंगाळला. गोकुळने कार्यक्रमाचे सांगितले. मंडप, पाहुणे, सत्कार, शाल. सांगताना त्याला जाणवत होते की तो मुद्दाम वाईट सांगतो आहे, ऐकणाऱ्याला नको वाटावे असे. शेवटी म्हणाला, "नऊ तारखेला आहे. म्हणजे येत्या बुधवारी."

देवरामची सुरी थांबली. "भात उभा हाय."

"हो. ते... ते मी त्यांना सांगितलं नाही."

बाहेर पाऊस बारीक झाला होता. आणि गोकुळच्या ध्यानात आले की आपण फेर मागायला आलेलोच नाही. आपण हे ऐकायला आलो आहोत. या माणसाने आता मान हलवावी. नाही दादा, मागं एकदा तुमचं ऐकलं, आता नाही. मग तो उठेल, नमस्कार करील, साहेबांना जाऊन सांगेल की भातात तारपा वाजत नाही, आणि आयुष्यात एकदा 'हो सर' म्हणणार नाही. तिसरा फेर हरवलेलाच राहील, तसाच तो राहायला हवा. त्याने हात गुडघ्यावर टेकून उठायची तयारीसुद्धा केली.

"येतो," देवराम म्हणाला.

"भातात?" दारातून हौशीचा आवाज आला. एवढाच एक शब्द.

"कोनाच्या भातात? यंदा आपलं कुठं हाय?" देवराम तिच्याकडे न वळता म्हणाला. "आनि नेम पोरंवाल्या घराला असतो, हौशे. आपल्या घरात राखायचं काय ऱ्हायलं?" मग गोकुळकडे, आवाज उतरवून, "तिथं जेवन असंल ना, दादा?"

"शाल आहे. श्रीफळ."

"जेवन?"

"असेल. असेलच."

"मंग हिला पन आनतो. माझा तारपा उंदरांनी खाल्ला. शेजारच्या कमूच्या सासऱ्याचा हाय, मागून घेतो."

गोकुळला बसवेना. जे त्याने सतरा पायऱ्यांवर गिळले होते ते आता, चौदा वर्षांनी, कुठल्याही तयारीवाचून वर आले. "देवराम, तो फोन आदल्या दिवशीच आला होता. दुपारी एक वाजता. मी तुला सांगितलं नाही. तिसरा फेर व्हायचा होता म्हणून. तू अडीचच्या गाडीनं निघाला असतास तर पोचला असतास."

तो थांबला. त्याला वाटले होते की हे शब्द उच्चारल्यावर काहीतरी कोसळेल. कुडाच्या भिंतीवरून एक पाल सरकली. देवराम डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होता. दूरवरच्या माणसाला ओळखू पाहावे तसा.

"कोनता फोन?" तो म्हणाला. "पोश्याचा का रुपीचा?"

"रुपी?"

"मोठी पोर. पोश्या दवाखान्यात गेला, रुपी घरीच, पंधरा दिसांनी. तिचा निरोप नव्हता, मी घरीच व्हतो." त्याने कांबी हातात फिरवली, विचार केला. त्याला खरोखर मदत करायची होती, हे गोकुळला स्पष्ट दिसत होते. "म्हंजे तुमचा पोश्याचा. सावळाचा फोन. हा... सावळा बोललेला काय तरी, यक दिस का दोन दिस आदी केलता म्हनून. त्या साली लई निरोप निघाले, दादा. कोनता पोचला, कोनता नाय, कोन बघतं. पोचलो असतो तरी मी काय, डाक्टर हाय?"

"पण तो तुला दिसला असता."

हौशी दारातून आत गेली. भाजी निवडण्याचा आवाज मात्र पुन्हा आला नाही. हातातली कांबी खाली ठेवून देवराम म्हणाला, "दिसला असता." त्यात आरोप नव्हता, क्षमा नव्हती. एखाद्याने विचारले की ही वाट वांगणीला जाते का, आणि आपण म्हणावे, जाते, तसे ते होते. गोकुळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिला. चौदा वर्षे त्याने आपला अपराध जिवापाड सांभाळला होता; त्याला वाटत होते की ह्या घरात तो सगळ्यात मोठा असेल. इथे त्याला ठेवायला जागासुद्धा नव्हती.

"तुमी फेरासाठी आलता ना?" देवराम म्हणाला. पाहुणा रिकाम्या हाताने जातो आहे याचा त्याच्या आवाजात संकोच होता. "ऐका."

आणि त्याने मिटल्या तोंडाने तिसरा फेर धरला. छाती घरघरत होती, सूर नाकातून येत होता, पण चाल सबंध होती. अगदी साधी होती. तीन सुरांची एक चढण, थोडे थांबून पुन्हा तीच, आणि मग वरच्या टोकावर ते क्षणभराचे तुटणे. तीही जागा त्याने चुकू दिली नाही. जिथे त्या दिवशी नुसता दम कमी पडला होता, तिथे तो आता मोजून-मापून तुटला आणि पुन्हा जुळला, कारण लोकांच्या कानात चाल तशीच होती आणि आता ती तशीच खरी होती. गोकुळची डाव्या हाताची बोटे मांडीवर आपोआप हलली. एक पाऊल मागे राहून. त्याला ती थांबवता आली नाहीत.

"आला?" देवरामने विचारले.

"आला," गोकुळ म्हणाला.

"कार्येक्रमाला मी वर जाईन, तुमी मागनं या. जसं व्हतं तसं." तो काठी टेकून उठला. "चला, जीपेपर्यंत सोडतो. आडवाटेला वहाळ फुगलाय, तुमाला दिसायचा नाय."

"तुला कुठे दिसतंय?"

"माझ्या पायाला दिसतं," देवराम म्हणाला आणि डोळे मिटून हसला.

बांध अरुंद होता, एकामागे एकच माणूस जाईल एवढा. दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखलात बायका वाकल्या होत्या. देवराम पुढे झाला. दहा पावले गेल्यावर त्याला काहीतरी सुचले असावे. त्याने मान अर्धी वळवून, गोकुळ मागे आहे याची खात्री केली. दादांना वाटेत पुन्हा विसरायला होऊ नये म्हणून त्याने फेर मोठ्याने धरला. एक बाई आवण हातात तशीच ठेवून सरळ उभी राहिली, मग दुसरी, मग सगळी रांग. भात उभा असताना तारप्याचा फेर बांधावरून चालला होता. देवरामला त्या दिसत नव्हत्या. तो टोकाला जात होता, तुटत होता, जुळत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.